लाइट प्रॉब्लेम, कस्टमर साइड

"काका, तुमच्या घरची लाइट खराब आहे." कॉम्प्युटरच्या दुकानातल्या विशीतल्या पोराने हे मला सांगितलं त्याला आता बरेच दिवस झाले, पण अजून आठवलं की कानशिलं तापतात. भोसरी एमआयडीसीत माझी उभी हयात पॅनेल, ब्रेकर आणि रिले यांच्यात गेली. घरचं वायरिंग मी स्वतः उभं राहून करून घेतलंय, अर्थिंगचा खड्डा माझ्यासमोर खणलाय. आणि हा पोरगा मीटर न लावता, घर न पाहता, मान वर न करता निदान सांगून मोकळा.

झालं होतं असं. मुलीने इंटर्नशिपच्या पैशातून आणि थोड्या माझ्या पैशातून २०२१ मध्ये गेमिंगचा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड. तेव्हा क्रिप्टोवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलून नेली होती, त्यामुळे कार्ड मिळालं हाच आनंद, बाकीच्या पार्टकडे कोण बघतो? पॉवर सप्लाय दुकानदारानेच सुचवला. साडेसहाशे वॅटचा, ब्रॉन्झ. "साडेसहाशे भरपूर झाला, मॅडम. उगाच पैसे कशाला घालवता?" एनव्हिडियाने त्या कार्डासाठी किमान साडेसातशे सांगितला आहे, हे वेबसाइटवर लिहिलेलं असतं. पण साडेसातशेवाला महाग होता आणि साडेसहाशेवाला त्यांच्याकडे पडून होता. हा माझा अंदाज, पण मी त्यावर ठाम आहे.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग तिने 'सायबरपंक २०७७' टाकला, आणि रात्री आतल्या खोलीतून हाक यायला लागली, "बाबा, परत गेला!" मी एकदा मागे उभा राहून नीट पाहिलं. पावसातला रस्ता, निऑनचे बोर्ड, ती गाडी वळवते आणि टक्‌. स्क्रीन काळा, पंखे थांबले, किबोर्डचे दिवेसुद्धा गेले. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, आवाज अडकणं नाही. पुढचं बटण दाबलं तर ढिम्म. मागचा स्विच बंद करून थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचं, की जणू काही झालंच नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. माझ्या भाषेत याला 'लॅच होणं' म्हणतात. रिले ट्रिप झाला की रीसेट केल्याशिवाय परत येत नाही, तसंच.

सल्ले देणारे भरपूर. तिचे मित्र म्हणाले, गरम होतंय, थर्मल पेस्ट बदल. कुणी म्हणालं विंडोज नव्याने टाक, कुणी म्हणालं रॅम. मुलीने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन दाखवलं, प्रत्येक वेळी एकच नोंद, कर्नेल-पॉवर ४१. मला वाटलं, चला, गुन्हेगार सापडला. पण ती नोंद कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते. मशीन नीट बंद न होता गेलं होतं, एवढंच ती सांगते. का गेलं, ते नाही. म्हणजे मयत घरी नेल्यावर केलेला पंचनामा. त्या नोंदीत बगचेकचा, म्हणजे क्रॅशच्या कोडचा, आकडा शून्य होता, म्हणजे विंडोजला मरताना काही बोलायलाही वेळ मिळाला नव्हता. एचडब्ल्यूइन्फो लावून तापमानं बघितली. कार्ड सत्तरीत, प्रोसेसर ऐंशीच्या आसपास. गरम खरं, पण प्रोसेसर नव्वदीला गेला की स्वतःच वेग कमी करतो, असा जीव देत नाही.

मग दुकान. तो अख्खा डबा रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही गेलो. चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी गेलो तर, "ओके आहे. काही प्रॉब्लेम नाही. घेऊन जा." काय तपासलं, म्हणून विचारलं. "दिवसभर चालू ठेवला होता, सर. यूट्यूब लावून."

यूट्यूब! ट्रक चढाला बंद पडतो म्हणून गॅरेजला न्यावा आणि मेकॅनिकने तो अंगणात उभ्या उभ्या रेस करून परत द्यावा, अशातला प्रकार. मी शांतपणे म्हणालो, अहो, भार टाकल्यावर जातो, गेम लावून बघा. तर म्हणे, गेम आमच्याकडे नसतात. गेमिंगचे कॉम्प्युटर विकणारं दुकान, भिंतीवर गेमचीच पोस्टरं, आणि गेम नसतात. तपासणीचे पाचशे रुपये मात्र असतात.

घरी आणला, त्याच रात्री गेला. पुन्हा रिक्षा. यावेळी मुलीने गेम असलेली डिस्क आतच ठेवली होती, पासवर्ड लिहून दिला होता, कुठल्या प्रसंगाला जातो ते कागदावर टिपून दिलं होतं. मी स्वतः काउंटरवर तो कागद दिला. परत घ्यायला गेलो तेव्हा कागद तिथेच, जिथे ठेवला होता तिथे, वर चहाच्या कपाचा गोल डाग. आणि जॉब शीटवर इंग्रजीत लिहिलेलं, 'लाइट प्रॉब्लेम, कस्टमर साइड'. तेव्हाच त्या पोराने ते घरच्या लाइटचं वाक्य टाकलं. आणि लगेच, "स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर यूपीएस घ्या. हा एक हजारचा आहे." हजार म्हणजे व्हीए. वॅट सहाशे, ते मागे बारीक अक्षरात. बंद पडणाऱ्या मशीनला आणखी एक बंद पडणारा डबा जोडायचा. आणि स्टॅबिलायझर कशाला? त्या सप्लायच्या अंगावरच छापलंय, १०० ते २४० व्होल्टवर चालतो.

तरी मी घरी जाऊन मोजलं. राग आला म्हणून मोजमाप सोडायचं नसतं. सॉकेटला २३१ व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक व्होल्ट. बोर्ड सोळा अँपिअरचा. एका वायरला टंग टेस्टर लावून मुलीला गेम खेळायला बसवलं. सव्वादोन अँपिअर, म्हणजे पाचशे वॅटच्या आसपास. सप्लाय साडेसहाशेचा. म्हणजे हिशेबाने किमान दीडशे वॅट शिल्लक, आणि तरी माझ्या डोळ्यांसमोर गेला. व्होल्टेज जागचं हललं नाही. घरातला दुसरा दिवा लुकलुकला नाही.

मग तिने फरमार्क लावला. कार्डाला पूर्ण ताणणारा प्रोग्रॅम, एक केसाळ कडं स्क्रीनवर गरगरत राहतं. मला वाटलं, आता पाच मिनिटांत जाणार. अर्धा तास झाला, मजेत चालू. टंग टेस्टरवर आकडा गेमपेक्षा जास्त. जास्त भाराला टिकतो आणि कमी भाराला जातो! त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्रासापेक्षा मजा जास्त होती. पहाटे कधीतरी डोक्यात मोटर आली.

मोटर थेट सुरू केली की पहिल्या क्षणी चालू करंटच्या सहा-सातपट ओढते. मीटरवर काटा हलेपर्यंत ते संपलेलंही असतं. म्हणून तर एमसीबीला बी, सी, डी असे प्रकार. बी टाइप तीन ते पाचपटीला उडतो, सी पाच ते दहापटीला, डी त्याहून पुढे. मोटरवर बी टाकला की मोटर चांगली, वायर चांगली, लाइट चांगली, आणि तरी रोज ट्रिप. ही ग्राफिक्स कार्डं तशीच वागतात. ३०८० चे कागदावर ३२० वॅट. ती सरासरी. गेममध्ये दृश्य बदललं, स्फोट झाला, मेन्यूतून एकदम रस्त्यावर आलं, की मिलिसेकंदापुरतं ते साडेचारशेच्याही पुढे उडी मारतं. त्यात प्रोसेसरचे एकशेचाळीस, बाकी बोर्ड, पंखे, डिस्क. त्या एका क्षणाला साडेसहाशेची रेषा ओलांडली जाते आणि सप्लायमधलं संरक्षण आपलं काम करतं. फरमार्कचा भार मोठा पण सपाट, त्यात उड्या नाहीत. आणि माझा टंग टेस्टर काय, तिचा एचडब्ल्यूइन्फो काय, दोघेही इतके संथ की त्यांना ती उडी दिसणारच नाही.

उघडून पाहिल्यावर आणखी एक सापडलं. कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट, प्रत्येक १५० वॅटचं. दुकानाने दोन्हीला एकच केबल लावली होती, टोकाला दुसरं कनेक्टर लोंबणारी. दुसरी केबल पिशवीत तशीच बांधलेली. ती लावली. थोडा फरक पडला, पण गेला. मग मुलीने आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर आणली आणि फ्रेम साठवर बांधून टाकल्या. आठवडाभर एकदाही गेला नाही. लिमिट काढली, त्याच वळणावर टक्‌. माझ्यापुरती केस तिथे संपली.

दुकानाची संपली नव्हती. हे सगळं लिहून नेलं तर मालक स्वतः बाहेर आले. त्यांनी वाचलं, असं मी म्हणणार नाही. "वॉरंटी सप्लाय डेड झाला तर आहे, सर. हा तर चालू आहे." आणि इथे माझी बोलती बंद झाली. कारण ते बरोबर होतं. सप्लाय खराब नव्हताच. त्याने जे करायला हवं तेच केलं. आठशेपन्नासचा दुसरा सप्लाय आम्ही दुसरीकडून घेतला, दोन वेगळ्या केबली लावल्या, आणि तेव्हापासून ती वळणं बिनघोर घेते.

मग दोष कुणाचा? कार्डवाल्यांनी सरासरी छापली, उड्या नाही छापल्या. सप्लायवाले तेव्हाच्या नियमाने चालले. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आलं आणि नव्या सप्लायने सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसला पाहिजे, असं त्यात आलं. म्हणजे उड्यांची कल्पना सगळ्यांना होती, फक्त विकत घेणाऱ्याला नव्हती. ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के विजेची बचत सांगतात, दम सांगत नाहीत, हेसुद्धा कुणी सांगत नाही. कुणी नवा कॉम्प्युटर घेत असेल तर माझं एवढंच म्हणणं, दुकानदार "भरपूर झाला" म्हणाला की कार्डाच्या डब्यावरचा आकडा त्याला वाचायला लावा. आणि दुरुस्तीला द्यायचं झालं तर, "भार कुठला टाकणार?" हे आधी विचारा. "चालू करून बघतो" म्हणाला तर पाचशे रुपये वाचवा.

त्या पोराचा राग मात्र आता पूर्वीइतका येत नाही. दिवसाला अशी किती मशीन त्याच्यासमोर येत असतील, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी खरंच अर्थिंग नसेल. नाही, येतो. तो कागद वाचायला त्याला एक मिनिट लागलं असतं.

पण एक गोष्ट मला स्वतःलाच नीट पटत नाही. कारखान्यात ब्रेकर उडतोय म्हणून कुणी कारण न शोधता मोठा ब्रेकर बसवला, तर मी त्याला मेमो दिला आहे. एकदा नाही, अनेकदा. आणि घरी मी काय केलं? सप्लाय उडत होता, मोठा बसवला. मुलगी म्हणाली, "बाबा, पण तू कारण शोधून बसवलास ना." ते खरं. पण मेमो घेणारेही मला हेच सांगायचे. काढलेला साडेसहाशेवाला माझ्या मेहुण्याच्या ऑफिसात साध्या मशीनवर लावून दिलाय. आजवर एकदाही उडाला नाही. मेहुणा फुकट घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी त्याच्याकडून पाचशे रुपये घेतले.