दिवाडीची फेरीबोट

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलेला रस्ता थेट मांडवीच्या पाण्याला भिडतो. पलीकडे दिवाडी. या बेटाला आजही पूल नाही. जुनं गोवं, रायबंदर आणि नार्वे या तिन्ही वाटांवर फेरीबोटच माणसांची ने-आण करते. सपाट तळ, टोकाला धक्क्यावर आपटणारा लोखंडी रॅम्प, उंचावर सुकाणूची खोली. बोटी जुन्या होऊन बदलल्या, पण रूप माझ्या लहानपणी होतं तेच. बदललं ते तिच्या अंगावरचं ओझं.

तेव्हा बोट माणसांनी भरायची. पहाटे पावांची टोपली बांधलेली सायकल घेऊन पोदेर, पाठोपाठ मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका, पणजीला नोकरीला निघालेले, शाळेची मुलं. बाकांवर म्हातारी माणसं, बाकी सगळे उभे. उभ्या माणसाला शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. कुणाच्या खाजन शेताचा बांध फुटला, कुणाचा मुलगा जहाजावरून सुट्टीला येतोय, हे बेटावर कळायच्या आधी बोटीवर कळायचं. 'गोमन्तक'चा एक अंक चार हातांतून फिरायचा, आणि ज्याने तो विकत घेतला त्याला पलीकडच्या धक्क्यावर तो मागून घ्यावा लागायचा.

नदीही तेव्हा वेगळी होती. खाणींतलं खनिज घेऊन मुरगावच्या दिशेने बार्जींची रांग चाललेली असे. भरलेली बार्ज पाण्यात इतकी खोल बसते की तिच्या कडेशी पाणी लागतं, आणि ती चटकन थांबू शकत नाही. म्हणून थांबायचं फेरीबोटीने. सुकाणूवरचा माणूस दोन्हीकडे बघत बोट प्रवाहात तोलून धरायचा. पावसाळ्यात ओहोटीला खरी कसोटी. धक्क्याकडे सरळ नाक धरलं तर पाणी बोटीला खाली ओढून नेणार. म्हणून तो नाक वरच्या अंगाला ठेवायचा, आणि तिरकी सरकत बोट नेमकी उतारावर येऊन टेकायची. एवढी हातोटी असलेल्या या माणसांचं कौतुक कुणी कधी केलं नाही, याचं मला वाईट वाटतं. 2012मध्ये खाणी बंद पडल्या आणि नदी ओस पडली. पुढे बार्जी पुन्हा दिसल्या, पण ती रांग नाही.

5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा पूल आला म्हणून मागे पडलेल्या फेरीबोटींनीच पणजी आणि बेतीमधली ये-जा पुन्हा अंगावर घेतली. ऐन पावसाळ्यात. गोव्याने हे विसरू नये.

आज रॅम्प पडला की आधी दुचाकी घुसतात, हँडलला हँडल लावून. मग मोटारी. काचा वर, आत एसी चालू. नदी ओलांडून जाईपर्यंत आतल्या माणसाला वाराही लागत नाही. खलाशी अजून "फुडें चल, फुडें" ओरडतो, पण ते आता गाड्यांना. चालत आलेली आजी मोटारीचा आरसा आणि कठडा यांच्यामध्ये पिशवी पोटाशी धरून उभी राहते. बेटावरच्या बोंदेरा उत्सवाच्या दिवशी तर पाय ठेवायलाही जागा उरत नाही.

शेजारच्या चोडण बेटाला जुलै 2025पासून मोठ्या रो-रो बोटी धावू लागल्या. रायबंदरच्या धक्क्यावर तासन्‌तास अडकणाऱ्यांना त्या हव्याच होत्या, आणि मला त्यांचा आनंद आहे. दिवाडीलाही उद्या नवी बोट येईल, यावी. मात्र तिचा आराखडा करणाऱ्यांनी पहिली रेघ मोटारीसाठी ओढू नये. पायी माणसाला या बोटीवर आजही तिकीट नाही. तसंच त्याचं बाक, डोक्यावरचं छप्पर आणि कठड्याजवळची मोकळी वाटही गाड्यांच्या हिशेबातून वगळून आधी राखून ठेवावी.