कोणता पाय, कधीपासून, कसा?

धुळ्याला देवपुरात माझं औषधांचं दुकान आहे. औषधं माणसांची, पण अधूनमधून एखादं गिऱ्हाईक येऊन म्हणतंच, "भाऊ, कुत्राना पाय दुखस, गोळी द्या ना एखादी." मी ती गोळी देत नाही. का देत नाही, हे मात्र हातातलं काम बाजूला ठेवून सांगतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर बेततं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. सहा-सात किलोच्या जिवाला आपल्या मापाची अर्धी गोळीसुद्धा भारी पडते. जनावरांचं वेदनाशामक किती जपून वापरायचं, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

हे सगळं पाठ असलं तरी आपल्याच घरचं कुत्रं तीन पायांवर उड्या मारायला लागलं की जीव खालीवर होतोच.

चिंगी आमची पांढरी स्पिट्झ. गल्लीत सगळे तिला पॉमेरियन म्हणतात. 'हम आपके हैं कौन' मधला टफी याच जातीचा. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ती दारातून स्वयंपाकघराकडे पळत निघाली आणि मध्येच तिने मागचा उजवा पाय वर उचलला. चार पावलं तीन पायांवर टाकली, पाय मागे ताणून झटकला, आणि काही झालंच नाही अशी पुढे पळाली. आई म्हणाली, "काटा रुतना व्हई."

खानदेशात पहिला संशय काट्यावरच जायला हवा. मोकळ्या जागेत सराटे, बांधावर बाभळी. पावसाळा सरला की वाळल्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात, आणि कुसळ एकदा कातडीत गेलं की आतच सरकत जातं, मागे येत नाही. ज्वारी-बाजरी कापलेल्या किंवा पऱ्हाटी काढलेल्या रानात धसकटं पंजा फाडतात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की डांबरी रस्त्यावर तळव्यांना फोड येतात. म्हणून बॅटरी धरून मी तिचा पंजा नीट पाहिला. बोटं एकेक करून फाकवली, बेचकीतले केस बाजूला सारले, नखं मुळापर्यंत तपासली, तळव्याच्या गाद्या दाबून पाहिल्या. काटा नव्हता, जखम नव्हती, सूज नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: चार पावलं तीन पायांवर, एक झटका, आणि चाल सरळ.

शेजारचे आबा म्हणाले, दुखत असतं तर ओरडली नसती का? त्यांनी विचारलं ते काळजीपोटीच. पण कुत्रं दुखणं लपवतं. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

माझी धाकटी बहीण जळगावला असते. तिच्या ओळखीतले एक पशुवैद्य लहान कुत्र्यांवर उपचार करतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, "येण्याआधी मोबाइलवर तिची चाल टिपून आणा. पळताना, वळताना, बाजूने आणि मागून." ते का, हे तिथे गेल्यावर कळलं. पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं आणि दवाखान्याच्या दारात चिंगी अशी तालात चालली की पाहणाऱ्याला वाटावं, ही धडधाकट आहे. नवी जागा, नवे वास, भीती. त्यापुढे दुखणं मागे पडतं. डॉक्टरांनी मोबाइलवरची चाल पुन्हा पुन्हा पाहिली आणि मगच तिला हात लावला.

त्यांनी आधी दोन्ही मागच्या पायांवरून एकाच वेळी हात फिरवला, बोटांपासून खुब्यापर्यंत. एका पायाची मांडी दुसरीपेक्षा रोडावली आहे का, हे असंच कळतं. मग उजव्या गुडघ्याच्या वाटीवर अंगठा ठेवून त्यांनी नडगी किंचित आत वळवली. माझं बोट धरून तिथे टेकवलं. शर्टाचं बटण काजातून निसटावं तशी वाटी खाचेतून आतल्या बाजूला सरकली, आणि पाय सरळ करताच परत जागेवर आली. चिंगी पाय मागे झटकायची तो तिचा स्वतःचा इलाज होता. निसटलेली वाटी ती आपली आपणच बसवून घेत होती.

लहान जातींत हे दुखणं बरंच आढळतं. मांडीच्या हाडाला खाली जी खाच असते ती जन्मतःच उथळ असते, किंवा वाटीचा कंडरा नडगीला जिथे जोडलेला असतो ती जागा आत सरकलेली असते. याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत हाताने सरकवली तरच वाटी सरकते आणि सोडली की परत येते. दुसरीत चालता-पळता आपोआप निसटते आणि परत बसते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच राहते, हाताने बसवावी लागते. चौथीत कायमची बाहेर, बसवूनही बसत नाही. चिंगी दुसऱ्या पायरीवर होती. वरच्या पायऱ्यांवर, किंवा दुखणं वारंवार छळू लागलं तर शस्त्रक्रिया करतात. त्यात खाच खोल करतात आणि कंडऱ्याची जोड सरळ रेषेत आणून बसवतात. सध्या तिला लागणार होतं ते वजन उतरवणं, गुळगुळीत फरशीवर जाजम आणि दिवाणावरून उड्या बंद.

पुढच्या पावसाळ्यात बहिणीच्या घरी वेगळीच पाळी आली. तिचं टिनू हे इवलंसं कुत्रं स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत उभं राहून फिरायला जायचं. सिग्नलला त्याने खाली उडी मारली आणि किंचाळत पुढचा पाय उचलला तो टेकवलाच नाही. मनगटाच्या थोडं वर पाय लोंबकळत होता. एक्स-रेत तिथली दोन्ही हाडं मोडलेली दिसली. ओळखीच्यांनी हाडवैद्याकडे नेऊन कामट्या बांधून घ्यायला सांगितलं. बहीण गेली नाही, ते फार बरं झालं. इवल्या कुत्र्यांचं हे हाड काडीसारखं बारीक, वर मांस थोडं, तिथला रक्तपुरवठाही कमी. नुसत्या बांधण्याने ते बऱ्याचदा जुळतच नाही, किंवा वाकडं जुळतं. नाशिकला नेऊन प्लेट बसवावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला पट्टीबाहेर राहिलेली मधली दोन बोटं दाखवली. ती बोटं एकमेकांपासून फाकली, नखं लांब-लांब दिसू लागली, तर आत सूज आहे, पट्टी आवळते आहे, तासाभरात या. बहिणीने ती बोटं सकाळ-संध्याकाळ पाहिली. टिनू आज त्या पायावर पूर्ण भार देतो.

या दोन्ही पायांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. लंगडणं एकच दिसतं, कारणं अनेक असतात, आणि त्यांतली निम्मी-अर्धी उकल घरच्या माणसाच्या डोळ्यांत असते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय एकाएकी अधांतरी धरला आणि बसताना तो बाजूला पसरून ठेवला, तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. वर्षाच्या आतलं लहान जातीचं पिल्लू दिवसेंदिवस जास्त लंगडत गेलं, तर खुब्याचा एक्स-रे काढायलाच हवा, कारण तिथे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजत जातं. आज हा पाय, परवा तो पाय, सोबत ताप, जेवणावरून उडालेलं मन, तर गोचीड ताप असू शकतो. तो सांध्यांत उतरतो आणि रक्ततपासणीशिवाय कळत नाही. आणि कुत्रं मागचे पाय ओढू लागलं, पंजा उलटा पडू लागला, तर दुखणं पायात नसून कण्यात आहे. डॅशंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात तर एक रात्रही थांबू नये. त्याला फळीवर आडवं ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्याकडच्या पशुवैद्यांचा दिवस गाई-म्हशींत, शेळ्यांत जातो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यावर शेतकऱ्याचं घर चालतं. लहान कुत्र्याच्या हाडासाठी बरेचदा दुसरं शहर गाठावं लागतं. एवढी धावपळ करून गेल्यावर "कालपासून लंगडतो" इतकंच सांगता आलं, तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. कोणता पाय, कधीपासून, उडीनंतर की आपोआप, झोपून उठल्यावर जास्त की पळाल्यावर, पाय टेकतो की अधांतरी धरतो, ताप आहे का, आणि मोबाइलवरची चाल: एवढं हातात घेऊन गेलं की अर्धं काम झालेलं असतं. मुका जीव आपली तक्रार चालीतून मांडतो, ती नोंदवून घेणं आपलं काम.

चिंगीचं वजन आता उतरलं आहे. पोळीचे तुकडे बंद झाले, याचं आईला वाईट वाटतं, पण तीच तिला उड्या मारू देत नाही. सकाळी मी तिला पांझरेच्या काठाने हळूहळू चालवतो, म्हणजे मांडीचे स्नायू भरून वाटीला धरून ठेवतील. डावा गुडघाही तपासून घेत असतो, कारण हे दुखणं पुष्कळदा दोन्हीकडे असतं, आणि निसटत्या वाटीच्या गुडघ्यात अस्थिबंध तुटण्याचा धोका वाढतो. उद्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर तीही करू. ती वेळ आली हे वेळेवर ओळखता यावं, म्हणून तिची चाल मी रोज पाहतो.