पांढरी दोन

मुरुडच्या भजनात पेटीवाल्याचं पहिलं काम एकच, सूर सोडायचा नाही. गाणारा काळी पाचमध्ये कितीही वर चढो, खाली षड्ज जागच्या जागी. त्या भरवशावर वाढलेल्या कानाला बोसा नोव्हा पहिल्यांदा ऐकताना पायाखाली काही लागेचना.

आवाज तर शेजारी बसून बोलावं तसा. ना कंप, ना तान. 1958 च्या सुमारास झोआंव जिल्बेर्तो यांनी ब्राझीलमध्ये ही रीत रुजवली. गिटारवर त्यांचा अंगठा सांब्यातल्या मोठ्या ढोलाचा ठोका संथपणे धरतो, बाकीची बोटं कॉर्ड छेडतात ती ठोक्याच्या जरा आधी, आणि गळा या दोघांनाही न जुमानता रेंगाळतो. टाळ घेऊन साथ करू जावं, तर दुसऱ्याच ओळीला सम हुकते. (पखवाजवाल्यांनी हा प्रयोग एकदा जरूर करावा.)

खरी गंमत मात्र आंतोनियो कार्लोस जोबीं आणि न्यूटन मेंदोन्सा यांच्या 'एका सुराच्या सांब्या'त आहे. जिल्बेर्तोंनी तो 1960 च्या ध्वनिमुद्रिकेत गायला. पहिली ओळ जवळजवळ सगळी एकाच सुरावर. तो मी पेटीवर लावून पाहिला. डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे सगळा संसार उजव्याच हाताचा. करंगळी पांढरी दोनवर दाबून धरायची आणि अंगठा खाली सरकवत न्यायचा: मंद्रातली पांढरी सात, मग काळी पाच, पांढरी सहा, काळी चार. आमच्या भजनाची लाडकी काळी पाच इथं नुसती वाटेत लागते! करंगळी हललेली नसते. तरी वरचा तोच सूर आधी कोमल गंधार वाटतो, मग शुद्ध गंधार, मग शुद्ध मध्यम, शेवटी तीव्र मध्यम. गाणारा स्थिर, जमीन चालती.

आपल्याकडे हे नाही असं नाही. मालकंसाच्या कोमल धैवताला षड्ज मानलं की भूप उमटतो. मूर्च्छनेचा हा खेळ एखादा गवई मैफलीत सावकाश, दाद घेत उलगडून दाखवतो. इथं एका ओळीत चारदा षड्ज पालटतो आणि गाणाऱ्याच्या आवाजात त्याची फुशारकी औषधालाही नाही. मला सर्वांत आवडतं ते हेच.

1966 च्या 'पती पत्नी'त राहुलदेव बर्मन यांनी बोसा नोव्हाचा ठेका आशा भोसले यांच्या गाण्याला दिला. हिंदीत ठेका चांगला रुळला. सरकत्या जमिनीचं वेड तेवढं पसरलं नाही, असं मला वाटतं.

भजनी मंडळाच्या पेटीवाल्या अण्णांना तो एका सुराचा प्रकार वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग माझा अंगठा पट्टीवरून उचलला.

"सूर ग्वाड हाय रं लेका, पण ह्येचा सा कुठं हाय?"

"बदलतो, अण्णा."

"मग कोरसवाल्यांनी काय धरायचं?"