पत्ता बदलला, गाव जागेवर

स्मरणिकेत यशाच्या कथा लिहाव्यात, असा प्रघात आहे. आम्ही मात्र स्वतःच्या एका चुकीविषयी लिहीत आहोत. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना तिचाच अधिक उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

हट्टा व परिसरातील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी आम्ही काही वर्षांपासून ध्वनिमुद्रित करीत आलो आहोत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यातील वस्त्यांवर काय गुदरले, हे स्वानुभवाने सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. काहींचा तर केवळ आवाजच उरला आहे. हे सारे आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होते. दुसरी प्रत नव्हती. इतिहासाच्या शिक्षकाला हे शोभणारे नव्हते.

त्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू अशा दोन प्रणाली होत्या. ध्वनिमुद्रणे उबंटूच्या विभागात होती. जागा अपुरी पडू लागली, म्हणून हार्ड डिस्कवरील एक रिकामा विभाग आम्ही पुसून टाकला. यंत्र पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर 'असा विभाग नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ उमटली आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द. ना विंडोज उघडे, ना उबंटू. दुरुस्ती करणाऱ्याने पाहून सांगितले, "फॉरमॅट करावे लागेल. आतले काही राहणार नाही." त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. गेलेल्या माणसांना आपण दुसऱ्यांदा मूठमाती दिली, असेच वाटत राहिले.

सकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्यास फोन केला. तो म्हणाला, "सर, फॉरमॅटला हो म्हणू नका. काही पुसले गेलेले नाही. फक्त पत्ता चुकला आहे."

मग त्यानेच आम्हांस धडा दिला. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या आरंभी ५१२ बाइटांचा एक छोटा भाग असतो. त्यातील ६४ बाइटांत विभागांची नोंदवही असते. तीत नोंदी चारच मावतात. अधिक विभाग हवे असतील, तर एका नोंदीच्या पोटात उपविभाग पाडतात आणि उबंटू त्यांना पाचपासून क्रमांक देते. आम्ही पुसला तो पाचवा. उबंटू होती सहाव्यात. पाचवा जाताच सहावा आपोआप पाचवा झाला. प्रणाली सुरू करून देणारा 'ग्रब' मात्र सहावे दारच ठोठावत राहिला.

हे ऐकून आम्हांस आमचेच गाव आठवले. हट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होते, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पत्ता पुन्हा बदलला. गाव तसूभरही हलले नाही. परंतु १९९९ पूर्वीची कागदपत्रे हिंगोलीच्या नावाखाली शोधू जाल, तर हाती काही लागणार नाही. तेवढ्यावरून इतिहासच नाही, असे कोणी म्हणू नये.

विद्यार्थी सांगत गेला, आम्ही एका बोटाने टंकत गेलो. 'एलएस' या आज्ञेने विभागांची यादी आली. पाचव्यात डोकावताच ओळखीची नावे दिसली आणि डोळे भरून आले. 'सेट' आज्ञेने ग्रबला नवा पत्ता दिला, 'इन्समॉड नॉर्मल' आणि मग 'नॉर्मल' टंकले. निवडीची यादी झळकली. उबंटू उघडल्यावर, दुसरे काहीही करण्याआधी, ध्वनिमुद्रणांची प्रत काढली. त्यानंतर ग्रब नव्याने बसवून पत्ता कायमचा दुरुस्त केला.

आता तीन प्रती आहेत: एक आमच्याकडे, एक शाळेत, एक त्या विद्यार्थ्याकडे. प्रथम जी फीत उघडून ऐकली, तीत एक आजी स्वतःची ओळख सांगत होत्या: "गाव हट्टा, जिल्हा परभणी." आम्ही ते दुरुस्त केले नाही, वर्गात ऐकवताना मात्र त्याचा अर्थ मुलांना आवर्जून सांगतो.