स्लीपरवरची पावलं

‘हिंगोली डेक्कन’ ही स्थानकावरची पाटी वाचत अनेक पिढ्या मीटरगेजच्या गाडीत चढल्या. दोन रुळांमध्ये जेमतेम एक मीटर अंतर. पूर्णा जंक्शनहून निघालेली वाट वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला करत अकोटच्या पुढे सातपुड्यात शिरायची आणि खंडव्याला बाहेर पडायची. जयपूरकडे धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेची. हिंगोलीच्या काळ्या मातीतल्या कापसा-ज्वारीच्या शेतांना मेळघाटच्या सागवनाशी बांधणारा हा लोखंडी धागा.

त्या जंगलातून रोज पायी जाणारी माणसं मात्र वेगळीच होती. हातोडा आणि पाना घेऊन रूळ तपासत जाणारा चावीवाला, पहारी-फावडी खांद्यावर टाकून निघालेली गँगमनांची टोळी. रुळावरून चालणं म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना ठाऊक. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाऊल टाकावं तर ते आखूड पडतं, मधला एक सोडावा तर फार लांब. गिट्टीवर उतरलं की घोटा मुरगळतो. म्हणून नजर सतत खाली. आणि नजर खाली असली की सगळं दिसतं: रूळ धरून ठेवणारी पण सैल झालेली चावी, सागाची वाळून चाळण झालेली पानं, ओल्या मातीत उमटलेला ठसा.

धूळघाटला तर रूळ स्वतःच्याच डोक्यावरून जात. चढ सोसवेना, तेव्हा बांधणाऱ्यांनी वाटेला एक पूर्ण वेढा दिला. खालून गेलेली लाइन वळून वर यायची आणि आपल्याच जुन्या अंगाला ओलांडायची. खिडकीतून हे क्षणभरच दिसायचं. पायी जाणाऱ्याला मात्र तो डोंगर अंगावर घेत, दम खात, सगळा फिरावा लागे.

2008 मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. अकोटपलीकडे जंगलातली गाडी 2017 मध्ये थांबली. मेळघाट 1973 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि नवा मार्ग जंगलाबाहेरून वळसा घालून नेण्याचं ठरलं. हे फार चांगलं झालं. वान रोडच्या आसपासची रात्र आता शिट्टीविना उजाडते. तिथं हौसेनं चालत जायचं नाही. ती वाट वाघाची, अस्वलाची, गव्यांची.

पायांना रुळांच्या वाटेची ओढ असेल तर नेरळ गाठावं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं उभारलेली माथेरानची गाडी 1907 पासून धावते. दोन रुळांमधलं अंतर दोनच फूट, वाट सुमारे 21 किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्थानकं ओलांडत चालणाऱ्यांचा गट निघतो तेव्हा पहिल्या तासात गप्पा असतात, मग नुसता श्वास. लाल माती बुटांना चिकटते. वळणावळणावर दरी डावीकडून उजवीकडे येते. कुणीतरी डब्यातली चटणी-भाकरी काढतं, कुणी पाण्याची बाटली पुढे करतं.

मग वरून शिट्टी ऐकू येते. सगळे डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहतात. डबे हळूहळू सरकत जातात, आतली पोरं हात हलवतात. गाडी वळणाआड गेल्यावरही रुळांत बारीक थरथर उरते. कुणीतरी वाकून त्यावर तळहात ठेवतं, आणि ती विरेपर्यंत बाकीचे थांबतात.