टेक केअर

टेबल, स्टेशन, तिकीट हे इंग्रजी शब्द मराठीत आले ते वस्तूंचं बोट धरून. वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नावही आलं. त्यात नवल काही नाही. पण 'टेक केअर' ही काही वस्तू नव्हे. निरोप घ्यायला आपल्याकडे 'येतो' होतं, 'जपून जा' होतं, पत्रात 'प्रकृतीस जपावे' होतं. तरी फोनवर 'भाजी काय केलीस' पासून सगळं अस्सल मराठीत बोलून झालं की शेवटी आपण म्हणतोच, "चल, टेक केअर, बाय!"

एसएमएसच्या जमान्यात तर याचं आणखी आखूड रूप निघालं. एका मेसेजात रोमन लिपीत 160 अक्षरं मावायची आणि देवनागरीत जेमतेम 70. मग 'टीसी' या दोनच अक्षरांवर काम भागायचं. लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला टीसी म्हटलं की काळा कोट दिसतो, ती गोष्ट वेगळी :-)

या 'केअर'चं मूळ मात्र गंमतीचं आहे. गंमतीचं म्हणजे, खरं तर दुःखाचं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता शोक, चिंता. त्याचाच एक भाऊबंद जर्मनमध्ये अजून आहे. येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार इंग्रजीत 'गुड फ्रायडे', तर जर्मनमध्ये 'कारफ्रायटाग'. त्यातला 'कार' म्हणजे विलाप. सांभाळणं, देखभाल करणं हा केअरचा अर्थ नंतरचा. आधी जीव खालीवर होणं, मग सांभाळणं.

आता आपला 'काळजी' शब्द घ्या. काळजी वाटते, काळजी लागते, काळजी करतो आणि काळजी घेतो. पहिल्या तिन्ही मनातल्या मनात चालतात. चौथीला हातपाय हलवावे लागतात. एकमेकींपासून इतक्या लांब वाढलेल्या दोन भाषांनी चिंता आणि देखभाल एकाच शब्दात ठेवली, हे मला फार आवडतं. ज्याची काळजी वाटत नाही त्याची ती घेतली जात नाही, हे दोघींनाही कळलं असणार.

मग 'टेक केअर'मध्ये नेमकं काय होतं? 'तू तुझी काळजी घे' असं आपण सांगतो. म्हणजे काम समोरच्यावर सोपवलं आणि आपण मोकळे. 'काळजी घे' या मराठी शब्दांचंही तेच, त्यात इंग्रजीला दोष नको. याउलट 'पोचलास की फोन कर' म्हणणारी आई फोन येईपर्यंत जागी असते. सांभाळून जायचं तुला आहे, पण घोर माझ्याकडे राहील, असं तिचं म्हणणं असतं. दोन्ही वाक्यं दारातच म्हटली जातात, पण दार लागल्यावर एक संपतं आणि दुसरं सुरू होतं.

माझी मामी गेली तेव्हा मामा 74 वर्षांचे होते. उभ्या जन्मात त्यांनी कधी चहा टाकलेला नव्हता. तेराव्यानंतर पाहुणे एकेक करून निघाले. "मामा, टेक केअर हं!" पायऱ्या उतरता उतरता प्रत्येक जण म्हणत होता. सगळे मनापासूनच म्हणत होते. मामा मान हलवत होते.

संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "दादा, रात्री आतून कडी घालू नका, नुसतं लॅच ओढा. एक किल्ली माझ्याकडे द्या. सकाळी साडेसातपर्यंत दुधाची पिशवी आत गेली नाही तर मी बेल वाजवणार." एवढं बोलून किल्ली घेऊन गेल्या.

पाच महिन्यांनी एका सकाळी पिशवी आठ वाजत आले तरी बाहेरच लटकत होती. बेल वाजवून उत्तर मिळेना, तेव्हा काकू किल्लीने दार उघडून आत गेल्या. मामा तापाने फणफणले होते, हाकेला ओ देण्याइतकंही त्राण नव्हतं. काकूंनी डॉक्टर आणला, आम्हाला कळवलं. मामा त्यातून उठले आणि नंतर चहाही करायला शिकले. या काकूंच्या तोंडून 'काळजी घ्या' हे शब्द मी आजवर ऐकलेले नाहीत.

'इंटेन्सिव्ह केअर युनिट'ला मराठीत आपण 'अतिदक्षता विभाग' म्हणतो. केअरला प्रतिशब्द म्हणून काळजी सोडून दक्षता कुणी निवडली असेल? ज्याने निवडली त्याला काकू कळल्या असत्या. दक्षता म्हणजे दुधाच्या पिशवीवर डोळा असणं.

2020 साली या झिजलेल्या शब्दांना पुन्हा वजन आलं होतं. तेव्हा 'काळजी घ्या' म्हणताना आवाज कापायचा, कारण पुढचा फोन लागेल की नाही याची खात्री नसायची. पण नुसतं तेवढं म्हणून कुणी थांबत नव्हतं. "ऑक्सिजन किती आला? डबा दाराशी ठेवू का?" हे लगेच पुढे यायचं. त्या सप्टेंबरात राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हाही माणसं घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होती. काळजी मोजता येते, लिहून ठेवता येते, हे आपण तेव्हा पाहिलं.

असो. 'टेक केअर' म्हणू नये असं मला मुळीच वाटत नाही. मीही म्हणतो. फक्त त्यामागे आपल्याकडचं एखादं काम जोडावं असं वाटतं. "मंगळवारी फोन करतो." "रिपोर्ट आणायला मी जाईन." "पोचलीस की मिस्ड कॉल दे." वाक्य थोडं लांबतं, पण हल्ली 160 अक्षरांची अट कुठे राहिली आहे?