बिऱ्हाड शोधणाऱ्या भाचीस

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

चि. भाचीस,


शेंद्र्याच्या कारखान्यात येत्या महिन्यात रुजू होण्याचे पत्र तुझ्या हाती पडल्याचे वाचून तुझ्या मामीने देवापुढे साखर ठेवली. परंतु अखेरीस तू जे विचारले आहेस, की एकट्या मुलीला निर्धास्त राहता येईल, भाडे पगारात बसेल आणि चार जातिधर्मांची माणसे जिथे शेजारी म्हणून नांदत असतील अशी वस्ती या शहरात कुठे सापडेल, त्याचे उत्तर दूरध्वनीवर देणे मला जमेना, म्हणून हा कागद पुढे ओढला.

माझ्या पिढीच्या तोंडी या शहराचे अजून औरंगाबाद हेच नाव येते. १६१० साली खडकी म्हणून हे नगर ज्याने वसवले, तो मलिक अंबर स्वतः हबसाणातून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आलेला आणि केवळ कर्तृत्वाच्या बळावर निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला पुरुष होता. पुढे मोगलांच्या चाकरीत आलेल्या राजपूत सरदारांच्या तळांभोवती जयसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा असे पुरे उभे राहिले. तेव्हा ज्याला आपण जुने, मुरलेले गाव समजतो, ते मुळात मुलूख सोडून चाकरीसाठी आलेल्यांच्या बिऱ्हाडांचेच आहे. अंबराने खोदवलेल्या नहरीचे पाणी जमिनीखालून, उंच बंब्यांच्या आधाराने वस्तीत खेळवले गेले. हे पाण्याचे प्रकरण लक्षात ठेव, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या एका लहान कारखान्यात दुसऱ्याच वर्षी मी नोकरीस लागलो. खोली शोधताना एका सुस्थितीतल्या वसाहतीत घरमालकांशी सर्व बोलणे झाले, अनामत रक्कमही त्यांच्या हाती दिली, आणि मग त्यांनी आडनाव विचारले, आडनावावरून उलगडा होईना तेव्हा गाव विचारले, गावावरूनही होईना तेव्हा कुलदैवत विचारले, आणि दुसऱ्या दिवशी रक्कम परत केली. माझ्यावर ओढवलेले संकट लहानच होते. मला दुसरी खोली मिळाली. पण १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना, परदेशी विद्यापीठांत शिकून आलेले असूनही, त्या नगरात कुणी खोली दिली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि खरे कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. त्याच पुरुषाने १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले, आणि नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या किती मुलांना तिथे आयुष्यात प्रथमच हक्काचे छप्पर मिळाले असेल, याचा विचार त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात आजही आल्यावाचून राहत नाही.

मला अखेर पदमपुऱ्यात माडीवरची खोली मिळाली. खाली शिलाईकाम करणारे एक मुसलमान गृहस्थ, समोर रेल्वेत नोकरीस असलेले तेलुगू कुटुंब, मागे जालन्याकडून आलेली एक विधवा बाई आणि तिची दोन मुले. नळाला पाणी पहाटे येई आणि मी रात्रपाळीहून परतेपर्यंत ते गेलेले असे. तरीही माझी घागर आणि बादली भरून झाकलेली जिन्यात असे, आणि ती कोण भरते हे आठवडाभर मला कळले नाही. जिन्यातल्या त्या झाकलेल्या घागरीलाच मी आजवर शेजार या शब्दाचा अर्थ मानत आलो आहे.

म्हणून वस्ती पाहायला जाशील तेव्हा पाणी किती दिवसांच्या अंतराने येते, हे प्रथम विचार. नाथसागराचा जलाशय जवळ असूनही येथे नळ रोज येत नाहीत, आणि पाण्याच्या दिवशी कामावर गेलेल्या भाडेकरूची टाकी कोण भरून घेते, याचे उत्तर देताना माणसांचे चेहरे वाचता येतात. दुसरे, दुपारी घर पाहून ठरवू नकोस. तुझी दुसरी पाळी जेव्हा सुटेल तेव्हा, रात्री, बस थांबते तिथून दारापर्यंत माझ्यासह चालून बघ. दुकान उघडे आहे काय, ओट्यावर बायका बसल्या आहेत काय, दिवे लागले आहेत काय. पहारेकरी ठेवलेल्या बंद फाटकापेक्षा अशा जाग्या गल्लीवर माझा भरवसा अधिक आहे.

शेंद्र्याला जायचे तर जालना रस्ता सोयीचा; सबब सिडको किंवा मुकुंदवाडीच्या बाजूला पाहावे असे मला वाटते. सिडकोचे एन-२, एन-७ असे विभाग सरकारी योजनेने आखले गेले, नोकरदार निरनिराळ्या जिल्ह्यांतून येऊन तिथे राहिले, आणि काही गल्ल्यांत तो सरमिसळपणा टिकून आहे. मात्र दंगलींच्या वर्षांनंतर पुष्कळांनी आपापल्या माणसांत राहणे पत्करले आणि मिश्र गल्ल्या थोड्या उरल्या, हे तुझ्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. जिथे आडनावाची चौकशी भाड्याच्या आधी होईल, तिथे भाडे कितीही कमी असो, उठून ये. करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर ठेवली आहे, तेव्हा मागताना संकोच नको.

दोन जागा मी हेरून ठेवल्या आहेत. एकीच्या मालकीणबाईंना मी मुद्दाम सांगितले, की मुलगी एकटी राहील, पाळीची नोकरी आहे, मैत्रिणी येतील, त्या कोणत्याही धर्माच्या असतील. त्यांनी थोडा विचार केला आणि एवढेच विचारले, की तिला उशीर होणार असेल तर आधी कळवील ना? ती जागा मला अधिक आवडली.

शनिवारी येशील तर बरे; आमचे पाणी शुक्रवारी येते, त्यामुळे टाकी भरलेली असेल आणि तुला डोक्यावरून मनसोक्त न्हाता येईल. मामी वाट पाहते आहे.

तुझा
मामा